त्रिविक्रम दंडाचे सहासष्ट खिळे

जूनचा पहिला रविवार. सकाळचे नऊ वाजायचे होते, तरी टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पोलीस भरतीत दोन सेंटिमीटरने हुकलेले तरुण होते, उंचीवरून स्थळं परत गेलेल्या मुली होत्या, आणि सगळ्यात जास्त होत्या त्या आपलं बुटकं मूल पुढ्यात धरून बसलेल्या आया. औषध नाही, गोळी नाही, व्यायाम नाही. काठीला पाठ लावून उभं राहायचं आणि वाढायचं. इतकं सोपं असल्यावर गर्दी होणारच.

व्यासपीठावर विक्रमानंद महाराज बसले होते. ते स्वतः जेमतेम सव्वापाच फूट होते, पण हा प्रश्न कधी कोणाला पडला नाही. हातात माईक घेऊन ते गर्दीला विचारत होते, "वामन केवढा होता? एवढासा. तीन पावलांत केवढा झाला? त्रैलोक्य व्यापलं त्यानं. मग तुझं पोर काय वामनापेक्षा बुटकं आहे का, माऊली?" माऊल्या हसायच्या, डोळे पुसायच्या आणि हात जोडायच्या.

महाराजांकडे तीन काठ्या होत्या. त्यांना काठी म्हणायचं नाही, त्रिविक्रम दंड म्हणायचं. प्रत्येक दंड पाच फुटांचा, शिसवी रंगाचा, आणि त्यावर दर इंचाला एक पितळी खिळा. दर बारावा खिळा मोठा. मोठी माणसं आली की दंड फूटभर उंच चौथऱ्यावर ठेवायचे. पहिल्या वर्षी मूल पहिल्या दंडाला उभं राहायचं, ते पहिलं पाऊल. मग दुसऱ्या दंडाला, आणि शेवटी तिसऱ्या. काम झालं की दंड भगव्या गवसणीत जायचा आणि आपल्या कोनाड्यात उभा राहायचा. तिन्ही दंड एकत्र कोणी कधी पाहिले नव्हते.

त्या रविवारी दक्षताचं तिसरं पाऊल होतं. दक्षता बारा वर्षांची, पण दिसायची सात-आठ वर्षांची. सभागृहात पंखे फिरूनही लोक घामाने निथळत होते आणि ही पोरगी स्वेटर घालून दंडाला टेकून उभी होती. महाराजांनी तिच्या डोक्यावर पितळी पट्टी टेकवली, खिळा पाहिला आणि जाहीर केलं, "साडेत्रेपन्न." सभागृहात घोष झाला. तिची आई मालन हिच्या हातात माईक आला. अडीच वर्षांपूर्वी माझी मुलगी साडेशेहेचाळीस इंच होती, आज सात इंच वाढली, एवढं म्हणाली आणि ती स्टेजवरच रडायला लागली. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि दुपारपर्यंत तो डोंबिवलीतल्या अर्ध्या बायकांच्या फोनवर पोचला.

मालन भोळीभाबडी बाई नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत तिचं शिवणकाम चालायचं. पुढच्या खोलीत मशीन आणि कापायचं टेबल, मागच्या खोलीत संसार. नवरा साईनाथ कोलशेतच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मालनची नजर अशी की, बाई उंबऱ्यात उभी राहिली की छाती छत्तीस, खांदा चौदा, हे तिला टेप न लावता कळायचं. गल्लीतल्या वाण्याच्या वजनात पाच ग्रॅमची खोट तिने पकडली होती. अशी बाई फसली ती अक्कल कमी म्हणून नाही. तिच्या मनात एक काटा होता, आणि महाराजांनी नेमका तोच धरला.

दक्षता तान्ही असताना मशीनशेजारी जमिनीवर गोधडीत झोपायची. इस्त्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला. लग्नसराईत मालनला दिवसातून पन्नास वेळा इस्त्रीकडे जावं लागायचं, आणि दर वेळी ती मुलीला ओलांडून जायची. सासू गंगुबाई कोकणातून आली की ओरडायची, अगं, मूल ओलांडू नये, वाढ खुंटते. मालन हसून सोडून द्यायची. मग दक्षता सहा वर्षांची झाली, आठ वर्षांची झाली, आणि वर्गातल्या रांगेत पहिली ती पहिलीच राहिली. मालनचं हसू गेलं. माझ्या पायांनी मी माझ्या पोरीची वाढ खाल्ली, हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

दक्षता साडेनऊ वर्षांची असताना शाळेत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: उंची ११८ सेंटिमीटर, वयाच्या मानाने फार कमी, थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. मालनने ती मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याखाली ठेवली. सणाची कामं उरकली की जाऊ, असं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने टिटवाळ्याचं नाव सांगितलं.

पहिल्याच भेटीत महाराजांनी डोळे मिटून विचारलं, "हिला कोणी ओलांडलंय का?" मालनच्या पायाखालची जमीन सरकली. या माणसाला हे कळलं कसं? आता बघा, महाराज हा प्रश्न प्रत्येक आईला विचारायचे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपतात त्या घरात कुठलं मूल ओलांडलं गेलं नसेल? पण मालनला तेव्हा हे सुचलं नाही. ती पाया पडून रडली आणि चिठ्ठी खणातच राहिली.

महाराजांचा नियम एकच होता. तीन पावलं पूर्ण होईपर्यंत मुलाला घरच्या टेपने मोजायचं नाही. मोजलं की वाढ थांबते. मालनने भीत भीत विचारलं, की शाळेत मोजतात त्याचं काय. महाराज हसले. "ते सेंटिमीटर. ते सरकारी माप. सरकारी मापात देवाची वाढ दिसत नाही."

मालनला हे पटलं, कारण सेंटिमीटरशी तिचं कधी काही देणंघेणं नव्हतं. तिचा सगळा धंदा इंचांत. टेपच्या मागच्या बाजूला सेंटिमीटरचे आकडे असतात हे तिला ठाऊक होतं, पण अठरा वर्षांत तिने ती बाजू एकदाही वापरली नव्हती. आणि अशी गंमत झाली, गंमत तरी कशी म्हणायची, की गावभरच्या बायका मोजणाऱ्या या बाईने अडीच वर्षं आपल्या मुलीच्या अंगाला टेप लावला नाही. सेवा म्हणून तिन्ही दंडांच्या गवसण्या मात्र तिनेच शिवून दिल्या. तिन्ही एकाच मापाच्या, पाच फुटांच्या.

शाळा सुरू व्हायच्या आधी तिने दक्षताचा सातवीचा गणवेश शिवला. मोजायचं तर नव्हतं, म्हणून गेल्या वर्षीच्या स्कर्टच्या मापात दंडावर वाढलेले साडेतीन इंच मिळवले आणि स्कर्ट कापला. कापताना तिला फार बरं वाटत होतं. घातल्यावर तो लांब वाटला, पण दक्षताने कमरेला जरा ओढून धरला आणि म्हणाली, बसतोय की गं बरोबर.

शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी शाळेतून फोन आला. दक्षता जिन्यावरून पडली होती, गुडघा फुटला होता, तिला जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं होतं. मालन जशी होती तशी धावली. गळ्यातला टेपसुद्धा तिने काढला नाही.

तिथे रसिका नावाची तरुण डॉक्टर होती. तिने जखम बांधून झाल्यावर मुलीकडे नीट पाहिलं. कोरडी त्वचा, जरा सुजलेला चेहरा, जूनमध्ये स्वेटर. थंडी वाजते का, झोप फार येते का, पोट साफ होतं का, असं एकेक विचारलं. दक्षता सगळ्याला हो किंवा नाही एवढंच म्हणाली. झोपेचं मालनने सांगितलं. शाळेत हिला झोपाळू म्हणतात, आळशीच आहे जरा, पण आता उंची वाढतेय, साडेत्रेपन्न इंच झाली.

डॉक्टरने मुलीला भिंतीच्या पट्टीला उभं केलं आणि म्हणाली, एकशे तेवीस सेंटिमीटर.

"ते सेंटिमीटर झाले. माझं माप इंचांचं आहे," मालन म्हणाली.

डॉक्टरने मालनच्या गळ्यातला टेप मागितला, सेंटिमीटरची बाजू वर करून टेबलावर पसरला आणि एकशे तेवीसवर बोट ठेवलं. "ताई, आता बोट न हलवता उलटा करून बघा."

मालनने टेप उलटा केला. डॉक्टरच्या बोटाखाली अठ्ठेचाळीस होते, वर अर्ध्याला किंचित कमी. तिने पुन्हा पाहिलं. तिने खिडकीशी नेऊन पाहिलं. अठरा वर्षं ज्या टेपवर पोट भरलं तो खोटं बोलत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग ती खाली बसली आणि तिने आपल्या हाताने मुलीला मोजलं, टाचेपासून डोक्यापर्यंत. तेवढेच भरले. अडीच वर्षांत सात नाही, जेमतेम दोन इंच.

"पण दंडावर साडेत्रेपन्न आले होते. माझ्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली.

तेव्हा दक्षता पहिल्यांदा आपणहून बोलली. "त्या काठीचा इंच लहान आहे, आई."

डॉक्टर आणि मालन दोघी तिच्याकडे वळल्या. दक्षता खाली बघून सांगत होती. सहावीत गणितात शिकवलं होतं, एक इंच म्हणजे दोन पॉइंट चोपन्न सेंटिमीटर. तेव्हा तिने शाळेच्या आरोग्यपत्रकावरची आपली उंची इंचांत करून पाहिली, तर सत्तेचाळीसच्या वर थोडी आली. महाराजांनी तर पन्नास सांगितली होती. आधी तिला वाटलं, आपला भागाकार चुकला. तीनदा केला. मग तिसऱ्या पावलाच्या दिवशी ती खिशात आईच्याच रिळातला दोरा घेऊन गेली. दंडाला पाठ लावून उभी असताना हात मागे नेऊन तिने दोन मोठ्या खिळ्यांमध्ये दोरा धरला आणि तिथेच गाठ मारली. घरी येऊन फूटपट्टीवर लावला. बारा इंचांचा दोरा अकरासुद्धा भरला नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू स्टेजवर रडत होतीस ना. मी तुला इतकी खूश कधीच बघितलेली नव्हती. मला वाटलं, काठीत तरी वाढू दे."

मालनने तिला जवळ घेतलं तेव्हा तिच्या हाताला स्कर्टची कमर लागली. ती दोनदा दुमडलेली होती. आत तीन सेफ्टी पिना होत्या, चौथी जिन्यावर उघडली होती, म्हणून स्कर्ट पायांत आला होता. पोरगी रोज शाळेच्या दारात कमर दुमडायची आणि घरी येताना सोडायची, आईला कळू नये म्हणून. मालनने एकेक पिन काढली. ती रडली नाही. रडायचंही तिला सुचलं नाही.

रक्ताचा अहवाल चार दिवसांनी आला. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी कामच करत नव्हती, बहुधा कित्येक वर्षं. डॉक्टर रसिकाने सांगितलं, रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, ती आयुष्यभर घ्यायची. थंडी वाजायची थांबेल, झोप कमी होईल. आळस नव्हता तो ताई, आजार होता. मालनने मनाचा हिय्या करून एकच विचारलं. मी हिला ओलांडायचे, लहानपणी, त्याने झालं का?

"ओलांडण्याने काही होत नाही. तुम्ही हजारदा ओलांडलं असतं तरी नाही."

कित्येक वर्षं पोटात धरलेलं ओझं एका वाक्यात उतरलं, आणि तेवढ्या वेळात दुसरं चढलं. कारण मालनने पुढे विचारलं, आता उंची भरून निघेल ना. डॉक्टर खोटं बोलली नाही. थोडी निघेल. सगळी नाही. हाडं वाढायचा काळ ठरलेला असतो, त्यातली अडीच वर्षं गेली. तेव्हाच गोळी सुरू झाली असती तर बरंच काही हाताशी होतं. तेव्हा कोणी तपासणी सांगितली नव्हती का? मालनने मान हलवली. सांगितली होती. चिठ्ठी बॉबिनच्या डब्याखाली होती. खोटा दोष तिचा नव्हताच, पण आता हा खरा दोष तिच्या नावावर आला होता, आणि तो कुठल्याच दंडाने उतरणारा नव्हता.

पुढच्या रविवारी ती टिटवाळ्याला गेली. साईनाथ म्हणाला होता, आधी पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, पोलिसांत जाऊच, पण व्हिडिओत मी आहे, माझ्या तोंडाकडे बघून लोक तिथे गेलेत, तर माझ्या तोंडानेच सांगितलं पाहिजे. सात इंचवाली बाई आली म्हणून सेवेकऱ्यांनी तिला कौतुकाने पुढे बसवलं आणि महाराजांनी स्वतः माईक दिला.

माईक घेऊन मालन कोनाड्यांपाशी गेली. गवसण्यांच्या गाठी तिच्याच हातच्या होत्या, सुटायला वेळ लागला नाही. कोणाला काय चाललंय ते कळायच्या आत तिन्ही दंड तिने स्टेजवर शेजारी शेजारी आडवे ठेवले. तिन्ही सारख्या लांबीचे होते, ते मागच्या रांगेलाही दिसलं. मग तिने टेप लावला आणि माईकवर म्हणाली, "पाच फूट. पाच फुटांत इंच किती?"

पुढे बसलेली पोरंच म्हणाली, साठ. भरतीच्या तरुणांपैकी एकाने पहिल्या दंडाचे खिळे मोठ्याने मोजले. साठ भरले. दुसऱ्याचे त्रेसष्ट. तिसऱ्याचे मोजताना सभागृह त्याच्याबरोबर मोजायला लागलं. साठ आले आणि दंड संपला नाही. एकसष्ट, बासष्ट, आवाज कमी कमी होत गेला. सहासष्टला फक्त तो एकटाच मोजत होता.

एवढीच विद्या होती. मूल तेवढंच राहायचं, काठीचा इंच आखूड व्हायचा. महाराज पूर्वी कल्याणला प्लायवूडच्या दुकानात कामाला होते, हे पुढे चौकशीत निघालं. खिळा कुठे ठोकायचा ते त्यांना चांगलं कळत होतं.

महाराज लगेच सावरले. "माऊली, हा दैवी इंच आहे. तिसऱ्या पावलाचा इंच माणसाच्या मापाने मोजायचा नसतो."

पहिल्या रांगेत आवडाबाई बसली होती, खाडीकाठच्या गावातली, मासे विकणारी. मांडीवर नातू सर्वेश. मालनचा व्हिडिओ बघूनच ती आली होती. ती उठून म्हणाली, "देवाचा इंच माणसाच्या इंचाहून ल्हान कसा रं, बाबा?"

यावर काही लोक हसले. सगळे नाही. सेवेकऱ्यांनी मालनला हाताला धरून खाली उतरवलं, माईक बंद झाला, आणि अर्धं सभागृह तसंच हात जोडून बसून राहिलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. मागून एक बाई ओरडली की हिच्या पोरीची श्रद्धा कमी पडली असेल. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार झाली, सभागृहाला कुलूप लागलं, तरी दुसरीकडे कुठे तरी नवा फलक लागल्याचं लोक सांगतात. काठ्या काय, पुन्हा करता येतात.

बाहेर आवडाबाईने मालनला गाठलं. ती चिडलेली होती. तुझ्या सांगण्यावर आले मी, आता या पोराला कुठं नेऊ, असं तिने तोंडावर विचारलं. मालनने ऐकून घेतलं. मग पिशवीतून ती जुनी चिठ्ठी काढली, तिच्या मागे डॉक्टर रसिकाचं नाव आणि आरोग्य केंद्राचा पत्ता लिहून दिला, आणि म्हणाली, उद्याच जा, माझ्यासारखं सणावर टाकू नको.

मालनच्या दुकानात आता भिंतीला एक टेप उभा चिकटवलेला आहे, सेंटिमीटरची बाजू बाहेर. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईबरोबर मूल असलं की मालन आधी त्याला तिथे उभं करते आणि आकडा कागदावर लिहून देते. सहा महिन्यांनी पुन्हा आणा म्हणते. तुम्हालाही तेवढंच सांगायचं आहे. घरात टेप असेल तर काढा. मूल मोजा, आकडा लिहून ठेवा, आणि कोणी मोजू नका म्हणाला तर त्याच दिवशी मोजा. ज्याचं खरं आहे तो तुमच्या टेपला घाबरत नाही. इंच कोणाच्या आशीर्वादाने वाढत नाही आणि कोणाच्या शापाने आखडत नाही. आणि डॉक्टरची चिठ्ठी खणात ठेवू नका.

गोळी सुरू होऊन तीन महिने झाले. दक्षताचं स्वेटर कपाटात गेलं. मालनने तिला भिंतीच्या टेपला उभं केलं, तर दोन सेंटिमीटर वाढली होती. मालनने टेपची दुसरी बाजू आठवली, मनात हिशेब केला, पाऊण इंच. खरा पाऊण इंच. मग तिने आणखी एक हिशेब केला, अडीच वर्षांत असे किती झाले असते त्याचा, आणि तो तिने कोणाला सांगितला नाही.

त्या दिवशी दुपारी शाळेतून येऊन दक्षता मशीनशेजारी सतरंजीवर आडवी झाली होती. मालनला इस्त्री हवी होती. ती उठली आणि गेल्या काही वर्षांच्या सवयीने थबकली. मुलीच्या पायांकडून वळसा घालायला तिने पाऊल उचललं होतं. मग तिने ते मागे घेतलं, साडी जरा वर धरली आणि सरळ मुलीला ओलांडून पलीकडे गेली.

"आई, मी जागी आहे," दक्षता डोळे किलकिले करून म्हणाली.

"काही होत नाही त्याने."

"माहीत आहे मला. तू काय करतेस तेच बघत होते."

मालनने इस्त्री लावली. इस्त्री तापेपर्यंत ती पाठमोरीच उभी राहिली.